जंगलात कुठली बंदूक न्यावी?

गेल्या महिन्यात एका रात्री शाळेतल्या मित्राचा फोन आला. साताऱ्याला आम्ही सहा वर्षं एका बाकावर बसलो. पुढे मी खडकवासल्याला गेलो आणि तो वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात. आज त्याची तीन दुकानं आहेत आणि माझ्या अकरा बदल्या झाल्यात. बोलणं वर्षातून दोनदाच होतं, पण जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू होतं.

"अरे, तुझ्या लाइनीतला प्रश्न आहे," तो म्हणाला. "मे महिन्यात पोरीला घेऊन उत्तराखंडात चाललोय. हर की दून. बारावी झाली तिची, मी कबूल केलं होतं. पण कुणीतरी बायकोला अस्वलाचा व्हिडिओ पाठवलाय. आता ती म्हणते, जायचंच असेल तर काहीतरी बरोबर घेऊन जा. माझ्याकडे .३२ चं रिव्हॉल्व्हर आहे, लायसन्सचं. ते पुरेल, का बारा बोअर बघू?"

मी म्हटलं, दोन दिवसांत सांगतो.

"दोन दिवस कशाला? तुला तर तोंडपाठ असेल."

तोंडपाठ होतंच. पण नुसतं तोंडपाठ सांगून भागणार नव्हतं. खरं उत्तर द्यायचं तर एक जुनी गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती मी फारशी कुणाला सांगितलेली नाही. फोनवर ती जमलीही नसती. म्हणून आज लिहायला बसलोय. निवृत्त मंडळींपैकी अनेकांना यात स्वतःची एखादी गस्त आठवेल.

आधी तोंडपाठ भाग उरकून घेतो.

जंगलात हत्यार नेताना चार गोष्टी बघायच्या. वजन, ताकद, वेळ, आणि आपली गोळी जाऊन थांबणार कुठे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. एके-४७ भरलेल्या मॅगझीनसकट पाच किलोच्या आसपास जाते. इन्सास थोडी हलकी, पण चढावर तो फरक जाणवत नाही. पाच किलो म्हणजे एका जवानाचा आठवड्याचा तांदूळ. लांबच्या गस्तीवर प्रत्येक किलो असा तांदळात मोजायची सवय लागते.

ताकदीचं म्हणाल तर .३२ रिव्हॉल्व्हरच्या गोळीत जी ऊर्जा असते, तिच्या साधारण दहापट एके-४७ च्या गोळीत असते. आणि ती गोळीसुद्धा माणसाचा विचार करून बनवलेली आहे. अस्वलाच्या अंगावर दाट केस, खाली चरबी, त्याखाली जाड स्नायू. अंगावर येताना ते डोकं खाली घालून येतं. जिथे गोळी लागली तर ते जागच्या जागी थांबेल ती जागा नारळाएवढी, आणि तो नारळ उड्या मारत येत असतो. बारा बोअरचं एलजी काडतूस वीस-पंचवीस पावलांत चांगलं काम करतं, पण दुनळीत बार दोनच.

आता वेळ. अस्वल ताशी चाळीस किलोमीटरने सहज पळतं, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. झाडीत ते तीस मीटरवर दिसलं तर आपल्या हातात पावणेतीन सेकंद असतात. तेवढ्यात गळ्यातली रायफल खांद्याला लावायची, कॉक करायची, सेफ्टी खाली करायची आणि नेम धरायचा. रेंजवर, कोरड्या कपड्यांत, ताज्या दमाच्या जवानालासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

जिम कॉर्बेट आपण सगळ्यांनी शाळेत असताना वाचलाय. १९०७ साली चंपावतच्या वाघिणीमागे तो गेला, तेव्हा तिच्या नावावर ४३६ माणसांची नोंद होती. आणि त्या दिवशी कॉर्बेटने बरोबर काडतुसं घेतली होती तीन. दोन लागतील, तिसरं अडीअडचणीला, असा त्याचा हिशेब होता. तिन्ही संपली आणि जखमी वाघीण समोर उभी. शेवटी त्याने धावत जाऊन तहसीलदाराची जुनी बंदूक आणली. एवढा मोठा शिकारी, पण त्याचाही हिशेब चुकलाच.

या सगळ्या आकडेमोडीतून नवा अधिकारी एकच निष्कर्ष काढतो. वेळ कमी आहे ना, मग चेंबरमध्ये राउंड आधीच भरून ठेवा. मीही तोच काढला होता.

तेव्हा मी कॅप्टन होतो. अरुणाचलच्या दिबांग खोऱ्यातून लाँग रेंज पेट्रोल घेऊन निघालो होतो. फौजेबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, एलआरपी म्हणजे जिथे रस्ता नाही, वस्ती नाही, अशा जंगलातून पंधरा-वीस दिवस पायी चालत सीमेकडे जायचं आणि तसंच परत यायचं. पाठीवर पिट्ठू, पायाखाली चिखल, मोज्यांत जळवा आणि उघड्या हातांवर डिमडाम माशा. बरोबर बावीस जवान, बहुतेक कुमाऊँ-गढवालची पोरं, आणि दहा पोर्टर. पोर्टरांचा म्होरक्या एक इदू मिश्मी म्हातारा होता. वय साठीच्या घरात, अंगाने काटक, कमरेला दाओ. आमची कुमाऊँनी पोरं त्याला 'बुबू' म्हणायची. त्यांच्याकडे आजोबांना तसं म्हणतात.

निघण्याआधी कोतमध्ये सुभेदार साहेबांबरोबर बसून हत्यारं ठरवली होती. दाट बांबूत आखूड रायफल बरी, म्हणून पुढच्या दोन स्काउटना एके. बाकीच्यांना इन्सास. मी स्वतःसाठी एके घेतली. त्या भागात हत्याराची अजून एक गंमत आहे. १९९६ च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेच्या दोन किलोमीटरच्या आत गोळी चालवायची नाही. म्हणजे जे हत्यार पंधरा दिवस वाहून न्यायचं, ते टोकाला पोचल्यावर जवळपास मुकंच असतं. तरीही ते न्यायचं असतं.

चौथ्या दिवशी अस्वलाच्या खुणा दिसायला लागल्या. उलटे करून टाकलेले दगड. नखांनी फोडलेले कुजके ओंडके. ओकच्या एका झाडावर मोडलेल्या फांद्यांचा माचाच झाला होता. फळं खायला अस्वल फांद्या स्वतःकडे ओढून मोडतं, त्या तशाच साठत जातात. वाटेवर विष्ठा पडलेली, तीत ओकच्या फळांची टरफलं. बुबूने वाकून तिच्यावर हात धरला आणि म्हणाला, "आज सुबह का है."

माझा पुढचा स्काउट पिथौरागढ जिल्ह्यातला, एकवीस वर्षांचा. इतके दिवस हसतखेळत चालणारा पोरगा गप्प झाला. जेवणाच्या थांब्यावर माझ्याजवळ येऊन बसला. "साब, मेरी चाची घास काटने गई थी. उनका आधा चेहरा नहीं है."

मी काही बोललो नाही. हिमालयातलं काळं अस्वल अंगावर आलं की पंजा बहुतेक तोंडावर आणि डोक्यावर मारतं, हे मला काश्मीरच्या पोस्टिंगपासून माहीत होतं. मक्याच्या दिवसांत तिथल्या इस्पितळात अशी माणसं यायची, ती मी पाहिली होती.

"साब, राउंड चेंबर में रख लूँ?"

नियम मला माहीत होता. मॅगझीन लावलेलं, चेंबर रिकामं. खडकवासल्याला कॅम्प टोरनाच्या वेळी रायफल उशाशी घेऊन झोपलो होतो, तेव्हापासून हाडात मुरलेला नियम. पण मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, पावणेतीन सेकंदांचा हिशेब केला आणि म्हणालो, "रख लो. सेफ्टी ऊपर."

सुभेदार साहेब दोन माणसं सोडून बसले होते. त्यांनी ऐकलं आणि मगमधला चहा संपवला. काही बोलले नाहीत. सुभेदार काही बोलत नाही तेव्हा त्याला बोलतं करायचं असतं, हे मला त्या वयात ठाऊक नव्हतं.

दोन तासांनी एक नाला आला. त्यावर आडवा ओंडका, शेवाळाने हिरवागार. बुबू पलीकडे पोचला होता. त्याच्या पाठीवरच्या वेताच्या टोपलीत तांदळाची पिशवी, आणि तिच्यावर बांधलेली लंगरची मोठी देगची. पोरगा ओंडक्याच्या मध्यावर होता. वरच्या बांबूत काहीतरी खसखसलं. काय होतं ते आजही माहीत नाही. माकड असेल, पक्षी असेल. पोराचा पाय सरकला.

सेफ्टी कधी खाली केली ते त्याला आठवत नव्हतं. एकेची सेफ्टी खाली दाबली की पहिला टप्पा येतो तो सलग फायरचा, एकेका गोळीचा त्याच्या खाली. तीन गोळ्या गेल्या.

बुबू तोंडावर पडला.

तो ओंडका मी कसा ओलांडला ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्याच्या पाठीवरून काहीतरी पांढरं ओघळत होतं आणि ते काय आहे हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. ते तांदूळ होते. एक गोळी देगचीतून आरपार गेली होती, एक तांदळाच्या पिशवीचा कोपरा फाडून. तिसरीचा पत्ता नाही. बुबू आवाजाने दचकून पडला होता, त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं. तो उठून बसला. हात मागे नेऊन पिशवी चाचपली, माझ्याकडे बघितलं आणि शेवाळावर सांडलेले तांदूळ गोळा करायला लागला. "उठाओ साब, अभी बहुत दिन है."

मग आम्ही सगळेच खाली बसून तांदूळ वेचायला लागलो. पोरगा नाल्यात गुडघाभर पाण्यात उभा होता, रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, शिकवल्याप्रमाणे पाण्यापासून दूर. थरथरत होता. मी जाऊन रायफल घेतली, मॅगझीन काढलं, चेंबर रिकामं केलं. माझेही हात थरथरत होते.

त्या संध्याकाळी सगळ्यांना फॉल-इन करून सांगितलं की ऑर्डर माझी होती, चूक माझी होती, आणि यापुढे सगळी चेंबर्स रिकामी. रात्री सुभेदार साहेब माझ्या तंबूत आले. हातात रिकाम्या काडतुसांचे दोन खोखे. "सर, दो मिल गए. तीसरा नाला ले गया."

फौजेत एकेका राउंडचा हिशेब द्यावा लागतो. ते थोडा वेळ बसले आणि मग हळूच म्हणाले, "सर, रिपोर्ट में लिख देते हैं, भालू ने चार्ज किया, चेतावनी में तीन राउंड फायर किए. भालू भाग गया. कोई पूछेगा नहीं."

ते त्या पोरासाठी बोलत होते. कदाचित माझ्यासाठीही. आणि खोटं इतकं सोपं होतं. अस्वल त्या जंगलात होतंच. खुणा सगळ्यांनी पाहिल्या होत्या. बावीस जवानांपैकी कुणी तोंड उघडलं नसतं. झाली असती तर शाबासकीच झाली असती. मी "बघू" म्हणालो. ठाम नाही म्हणालो नाही, हेही इथे लिहून टाकतो.

भोक पडलेल्या देगचीत भात शिजणार नव्हता. बुबूने ती टोपलीला बाहेरून उलटी बांधली आणि चालताना अधूनमधून दाओच्या मुठीने ठोकायला लागला. ठण्ण. पन्नास पावलं. ठण्ण. गस्तीच्या शिस्तीत हे कुठेच बसत नाही, आणि सीमेजवळच्या दिवसांत आम्ही ते बंदच ठेवलं. पण परतीच्या वाटेवर, त्या निर्मनुष्य पट्ट्यात, मी त्याला ठोकू दिलं. अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागली तर ते बहुतेक वेळा स्वतःहून वाट सोडतं. गडबड होते ती अचानक समोरासमोर आल्यावर.

तशी गडबड झालीच. परतीच्या तिसऱ्या दिवशी वाट एका धबधब्याजवळून जात होती. पाण्याचा आवाज एवढा की देगची कुणाला ऐकू जाणार? चार जणांची पुढची तुकडी धबधबा ओलांडून समोरच्या नागमोडी चढाला लागली होती. त्यांत पिथौरागढचा पोरगाही होता. आदल्याच दिवशी मी त्याला पुन्हा पुढे घातलं होतं, रिकाम्या चेंबरसकट. त्यांच्यामागे बुबू, मग मी, मग बाकीचे. वळणावर बुबू थांबला आणि हात मागे केला.

पंधरा पावलांवर अस्वलाची मादी होती. तिच्यामागे मांजराच्या चपळाईने एक पिल्लू दगडावर चढत होतं. पुढची तुकडी जाऊन आम्ही पोचेपर्यंतच्या मधल्या वेळात ती वाटेवर उतरली असावी.

ती मागच्या पायांवर उभी राहिली. छातीवरची पांढरी चंद्रकोर स्पष्ट दिसली. माझी रायफल खांद्याला लागली होती. फोरसाइट त्या चंद्रकोरीवर टेकली आणि तिच्या खांद्यावरून मला पलीकडचा चढ दिसला. पन्नास-साठ मीटरवर, पानांच्या फटीत, एक पिट्ठू हलत होता. मग दुसरा. माझेच जवान माझ्याच नेमाच्या रेषेत चढत होते.

चौथी गोष्ट म्हणालो होतो ना, गोळी जाऊन थांबणार कुठे? ती मला तिथे कळली.

बुबू ओरडला नाही. शेजाऱ्याच्या म्हशीशी बोलावं तशा आवाजात तो त्याच्या भाषेत काहीतरी बोलत राहिला आणि हाताने आम्हाला मागे ढकलत राहिला. एक पाऊल, मग एक पाऊल. मादीने फुत्कार टाकला, दोन उड्या आमच्या दिशेने मारल्या, पुढचे पंजे धप्पकन जमिनीवर आपटले आणि थांबली. पुन्हा एकदा तसंच. मग वळली आणि बांबूत शिरली. पिल्लू तिच्यामागे. सगळा प्रकार मिनिटाच्या आत संपला. मी रायफल कॉकसुद्धा केली नव्हती.

चेंबर भरलेलं असतं तर? सत्पुरुषासारखं म्हणता येईल की तरीही मी थांबलो असतो. पण त्या पंधरा पावलांवर माझ्या बोटाचा मला भरवसा नाही. कॉक करायला लागणारा तो एक सेकंद माझ्याकडे नव्हता, म्हणून मला पलीकडे बघायला वेळ मिळाला.

रात्री शेकोटीजवळ मी बुबूला विचारलं, काय बोललास तिच्याशी? "बोला, हम लोग जा रहा है, तुम अपना बच्चा लेके जाओ." मग विचारलं, घरी बंदूक नाही? होती, म्हणाला. तरुणपणी टाकिन मारलेत, कस्तुरीमृग मारलेत. इदू लोक वाघाला मात्र मारत नाहीत. वाघ त्यांचा थोरला भाऊ, त्याला मारणं म्हणजे माणूस मारण्यासारखं. बाकी मोठ्या जनावराच्या शिकारीनंतरही शिकाऱ्याला बरीच पथ्यं पाळावी लागतात. मग आता बंदूक का नाही आणली? तो हसला. "शिकार के लिए जाता है तो बंदूक लेता है साब. रास्ता चलने के लिए बंदूक का क्या काम?"

पुढे २०२१ मध्ये अरुणाचलच्या पूर्व कामेंग जिल्ह्यात लुमडुंगपासून लोकांनी आपल्या एअरगन स्वखुशीने सरकारजमा करायची मोहीम सुरू झाली आणि दोन हजारांवर एअरगन जमा झाल्या. ती बातमी वाचताना मला बुबूच आठवला. अर्थात तिथे प्रश्न शिकारीचा होता, पण पिढ्यान्‌पिढ्या घरात असलेली बंदूक हातातून खाली ठेवणं सोपं नसतं.

परत आल्यावर रिपोर्ट लिहायला बसलो. सुभेदार साहेबांचं वाक्य डोक्यात होतंच. पेन उचललं आणि लक्षात आलं की पेट्रोल रिपोर्ट वरच्या साहेबांसाठी लिहायचा असतो, पण तो खरा वाचतो तो त्या वाटेवर आपल्यानंतर जाणारा. पुढच्या वर्षी कुणीतरी कॅप्टन याच वाटेने निघणार. तो माझा रिपोर्ट काढणार. त्यात 'अस्वलाने चार्ज केला, तीन राउंडनंतर पळालं' असं वाचणार. आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांची चेंबर्स भरून घेणार. माझ्या खोट्या अस्वलापायी त्याचा खरा बुबू जाईल.

मी जसं घडलं तसं लिहिलं. तीन राउंड, निष्काळजी फायर, चेंबर भरण्याची ऑर्डर पेट्रोल लीडरची, स्थायी आदेशाविरुद्ध. सीओ साहेबांनी तो माझ्यासमोर दोनदा वाचला. मला जे मिळायला हवं होतं ते लेखी मिळालं. पोराला हलकी शिक्षा झाली. देगचीचे पैसे माझ्या पगारातून गेले. शेवटी साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "त्या पोराला पुन्हा पुढचा स्काउट करशील?"

"केलंय सर. परतीच्या वाटेवर."

"मग ठीक," म्हणाले आणि फाइल बंद केली.

म्हणजे जंगलात बंदूक कधीच नको, असं मी म्हणतोय का? नाही. काझीरंगाचे वनरक्षक रात्री गस्तीला निघतात तेव्हा त्यांच्यासमोर हत्यारबंद चोरशिकारी असतात. तिथे रायफल लागतेच. उत्तर ध्रुवाजवळ स्वालबार्डला भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र २००८ पासून आहे. गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय संशोधन संस्थेतून आपले शास्त्रज्ञ तिथे जातात. वस्तीबाहेर पाऊल टाकायचं तर पांढऱ्या अस्वलांमुळे तिथे रायफल बरोबर घेतात, आणि त्यासाठी आधी प्रशिक्षण असतं. तिथे चालणारी रायफल म्हणजे .३०८ किंवा .३०-०६, त्याहून लहान बोअर नाही. तिच्याआधी वापरायला घाबरवणारं फ्लेअर पिस्तूल. हे सगळं वाचताना मी एका ओळीवर थांबलो. तिथेही रायफल न्यायची ती मॅगझीन भरलेलं आणि चेंबर रिकामं. पांढरं अस्वल, सपाट बर्फ, लांबवर दिसणारी नजर, आणि तरीही चेंबर रिकामं. कारण तिथल्या लोकांनाही कळलेलं आहे की घसरून पडणारा माणूस रोज भेटतो, अस्वल क्वचित.

तर मित्रा, आता तुझं उत्तर.

हर की दूनची वाट गोविंद पशुविहार अभयारण्यातून जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही. तुझ्या लायसन्सवर क्षेत्र काय लिहिलंय तेही बघ. फक्त महाराष्ट्र असेल तर बाकीचं बोलायलाच नको. त्याच कायद्यात कलम ११ आहे. जीव वाचवण्यासाठी, शुद्ध हेतूने जनावर मारावं लागलं तर तो गुन्हा नाही. पण त्याला एक अट जोडलेली आहे. त्या क्षणी तूच हा कायदा मोडत असशील तर ती सवलत तुला नाही. म्हणजे खिशात चोरून नेलेलं रिव्हॉल्व्हर तुला अस्वलापासूनही वाचवणार नाही आणि कोर्टातूनही.

आणि .३२ ने जखमी झालेलं अस्वल तुझ्यानंतर त्या वाटेने गवत कापायला जाणाऱ्या बाईला भेटणार, हेही लक्षात ठेव.

मग काय न्यायचं? एक चांगली काठी, एक जोराची शिट्टी, दोन टॉर्च. स्थानिक गाइड, आणि तो म्हणेल ते ऐकायचं. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने तंबूपासून लांब जायचं नाही. तंबूत खाणं ठेवायचं नाही. पोरीला सांग, चालताना कानात गाणी नकोत, आणि पाण्याजवळ, वळणावर, झुडपांत मोठ्याने बोलत राहायचं. अस्वल दिसलं तर पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरकायचं. पिल्लू दिसलं तर फोटो काढायचा नाही. अगदीच अंगावर आलं तर पालथं पडून पाठीवरची सॅक तशीच ठेवायची आणि हातांनी मान आणि तोंड झाकायचं.

हे सगळं मी त्याला काल फोनवर थोडक्यात सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे रिव्हॉल्व्हर घरी."

"लॉकरमध्ये. आणि किल्ली वहिनींकडे."

"आणि तिला काय सांगू?"

"सांग, फौजेतल्या मित्राला विचारलं. त्याने शिट्टी घ्यायला सांगितलीय."

इथे सध्या माझ्या हाताखाली एक तरुण कॅप्टन आहे. मागच्या आठवड्यात तो पेट्रोल घेऊन निघाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी कोतजवळ मला गाठून विचारलं, "सर, चेंबर?" मी रिकामं म्हणालो. "पण भालू आला तर, सर?" मी सांगितलं, आधी त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघ. मग त्याला बसवून ही गोष्ट सांगितली, सुभेदार साहेबांच्या सूचनेसकट. तो ऐकत होता, पण त्याच्या वयाला मी जेवढं ऐकलं असतं तेवढंच.

आज त्यांचा सहावा दिवस. संध्याकाळी सातला सिग्नलच्या पोराने येऊन निरोप दिला. सगळे ठीक, राउंड पूर्ण.

जय हिंद.